मामांची ९७ सालची ५४० आणि खिशात ८० हजार, सुरुवात कुठनं करू?

रानगवा_०९

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहायलोय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मामांची १९९७ ची महिंद्रा एमएम ५४० जीप आता माझ्याकडं आलीय. फोर बाय फोर, प्यूजो डिझेल इंजिन, एमएच ०९ पासिंग, एकच मालक. गारगोटीजवळ मामांचं शेत आहे, तिथं दुधाच्या किटल्या, खताची पोती, उसाचं बियाणं सगळं हिनंच ओढलंय. मामा आता थकले, मामेभाऊ पुण्यात, गाडी दोन पावसाळे शेडात नुसती उभी आणि भंगारवाला दारात येऊन बसलेला. मी म्हटलं मामा मला द्या. मामी म्हणाली ने बाबा, निदान शेड तरी रिकामं होईल.

आता अवस्था सांगतो. चालू होते, पण सकाळी चारपाचदा स्टार्टर मारल्यावर, आणि मग गल्लीभर पांढरा धूर, शेजारच्या काकू खिडक्या लावून घेतात. ४५-५० च्या वर गेलं आणि एखादा खड्डा आला की स्टीअरिंग असं थडथडतं की बोटं बधिर होतात, वेग पार २० वर आणल्याशिवाय थांबत नाही. ब्रेक दाबला की डावीकडं ओढते. उतारावर दुसरा गिअर आपोआप निसटतो. मागचे स्प्रिंगचे पाटे बसलेत. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, मॅट उचललं की खालचा रस्ता पळताना दिसतो, बायको म्हणते एसी फुकटात मिळाला की.

एका मेस्त्रीनं नुसतं बघूनच सांगितलं इंजिन बदला, दुसरा पर्याय नाही. माझ्याकडं सगळे मिळून ८० हजार आहेत आणि डोक्यात यादी अशी: ३१ इंची टायर, ३ इंच लिफ्ट (गाडी उंच करणं), विंच (रुतलेली गाडी ओढायचं चरक), स्नॉर्केल (इंजिनाला वरनं हवा देणारा पाइप), पुढं लोखंडी बंपर. रविवारी गगनबावडा, राधानगरीकडं पावसात फिरायचंय, सोमवारी परत शिरोली एमआयडीसीत ड्युटीवर. काय आधी करू, काय नंतर?

पेठेतला_पोरगा

भावा नाद खुळा गाडी, आधी फोटो टाक. तू दिलेल्या यादीत ८० हजारात चार टायर आणि बंपर येईल, उरलेल्या पैशात तांबडा-पांढरा खाऊन घरी जायचं, विंच राहिला बाजूला.

बावड्याचे_तात्या

पोरा, गाडी ठेवलीस हे चांगलं केलंस. माझ्याकडं १९९२ ची आहे, अजून चालते, म्हणून चार गोष्टी सांगतो, वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या यादीतली पाचही कामं लोकांना दिसणारी आहेत, आणि गाडीची जी दुखणी तू सांगितलीस त्यातलं एकही त्यानं बरं होत नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होईल.

पहिलं ते थडथडणं बघ, जीव त्यात आहे. घरच्या घरी करायची परीक्षा सांगतो. पुढचं एक चाक जॅकवर उचल, खाली दगड नको, नीट स्टँड किंवा लाकडी ठोकळा लाव. चाक वर आणि खाली धरून, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ असतात तिथं, आत-बाहेर हलव. कटकट हललं तर बायकोला ब्रेक दाबून धरायला सांग आणि परत हलव. ब्रेक दाबल्यावर हलणं बंद झालं तर चाकाचं बेअरिंग सैल आहे, पाना घेऊन स्वतः आवळू शकतोस. ब्रेक दाबूनसुद्धा हलतंय तर किंगपिनची, म्हणजे ज्या खुंटीवर चाक डावी-उजवीकडं वळतं तिची, बेअरिंगं गेलीत. मग चाक ३ आणि ९ वर धरून हलव, तिथं खेळ असेल तर टाय रॉडचे बॉल जॉइंट. दोन्ही बाजूचं बघायचं, एकीकडचं सापडलं म्हणून तिथंच थांबायचं नाही.

माझ्या पैजेनं सांगतो, तुझे किंगपिन असणार. हे काम असं आहे की बेअरिंग नवीन घातलं म्हणून झालं असं नाही, त्याच्या टोपणाखाली पातळ शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, असतात, त्या कमीजास्त करून बेअरिंगला थोडा दाब द्यावा लागतो. हात लावला की नकल (चाकासकट वळणारा सांधा) अलगद फिरला तर सैल आहे, जरा ओढून फिरवावा लागला पाहिजे. ज्या मेस्त्रीला शिम म्हणजे काय ते माहीत नाही त्याच्याकडं गाडी ठेवू नकोस. थडथड मारायला स्टीअरिंगला डॅम्पर (हादरे शोषणारा दांडा) बसवा म्हणणारे भेटतील. त्यानं आवाज दबतो, दुखणं नाही.

दुसरं ब्रेक. एकाच बाजूला ओढतेय म्हणजे एका ड्रममध्ये काहीतरी ओलं आहे. एकतर व्हील सिलिंडर गळतोय नाहीतर एक्सलचं ऑईल सील जाऊन लायनरवर तेल आलंय. ड्रम काढ आणि बोट लावून वास घे, गिअर ऑईलचा वास लगेच कळतो. तेल प्यायलेला लायनर पेट्रोलनं धुऊन परत बसवतात काहीजण. तसलं करू नको, गरम झाला की पोटातलं तेल परत वर येतं. दोन्ही बाजूचे लायनर एकदमच बदल.

तिसरा पत्रा, पण पत्र्याआधी चॅसी, गाडीचा सांगाडा. लहान हातोडी घे आणि गाडीखाली झोपून ठोकत जा. चांगल्या जागी टण्ण वाजतं, सडलेल्या जागी थप्प असा मेलेला आवाज येतो. मागच्या पाट्याचं शॅकल (पाटा चॅसीला जोडणारी पट्टी) जिथं अडकतं तो ब्रॅकेट, बॉडीच्या बोल्टांखालची जागा आणि डिझेल टाकीच्या वरची बाजू, या तीन ठिकाणी आपल्याकडची तांबडी माती आत जाऊन बसते आणि उन्हाळाभर ओल धरते. शेतातली गाडी म्हणजे आत किलोभर माती असणारच, मामांनी बाहेरनं कितीही धुतली असली तरी. आधी पाइप आत घालून ती काढ, चार दिवस उन्हात वाळव, मग वेल्डिंग, मग प्रायमर. मातीवरच काळं अंडरकोटिंग मारून घेतलंस तर गंज आतल्या आत पोसशील.

एवढं कर, मग टायरचं बोलू.

लेथवाला_उद्यमनगर

तात्यांशी सहमत. आणि तुम्ही कोल्हापुरात आहात हे विसरू नका ओ. उद्यमनगरात एक चक्कर मारली तर जो पार्ट मिळत नाही तो करून मिळतो, तीच आपली चैन आहे. शॅकलची पिन झिजलीय? टर्न करून देतील. भोक लंबगोल झालंय? बुश मारून देतील. मुंबई-पुण्याची पोरं ऑनलाइन बाहेरचे किट मागवून महिनाभर वाट बघतात. फक्त जुना पार्ट हातात घेऊन जायचं, फोटो दाखवून माप सांगू नका, आमचं डोकं उठतं.

दुसरा गिअर निसटतोय त्यावर लगेच गिअरबॉक्स खोलू नका. आधी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या रबरी माउंटिंगा बघा. त्या मेल्या असतील तर उतारावर सगळं पुढं सरकतं आणि लिव्हर गिअर बाहेर ढकलतं. ते ठीक असेल तर वरचं झाकण काढून बॉल आणि स्प्रिंग बघा, स्प्रिंग मऊ पडली की गिअर धरून राहत नाही, चहा-नाष्ट्याच्या पैशात होतं. यातलं काहीच नसेल तर मग फोर्क (गिअर सरकवणारा काटा) आणि सिंक्रो (गिअर न खरखरता जुळवणाऱ्या रिंगा), त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आणि तेल. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ प्रतीचं, डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधल्या गिअरच्या गोळ्यात) जीएल-५. दोन्हीकडं एकच डबा ओतून मोकळे होणारे लई आहेत. जीएल-५ मधली रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगा खातात. दुकानदार म्हणेल काय होत नाही, त्याची गाडी नाहीये ती.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचं मॉडिफिकेशन सांगू? एक्सलवर बारकं ब्रीदर असतं, हवा आत-बाहेर जायचं, नखाएवढं. ते काढून तिथं डिझेलचा रबरी पाइप लावा आणि बॉनेटखाली वरपर्यंत न्या, पुढचं-मागचं दोन्ही. पाच-सहा मीटर पाइप आणि चार क्लिपा. गाडी घाटातनं तापून आली आणि तशीच ओढ्यात घातली की एक्सलमधली गरम हवा एकदम आकसते आणि कुठनं तरी आत ओढून घेते, ब्रीदर पाण्याखाली किंवा चिखलानं बुजलेलं असेल तर सीलमधनं पाणीच आत जातं. एका गिऱ्हाइकाचा ड्रेन प्लग काढला तर टपरीवरचा दुधाचा चहा पडावा तसं तेल पडलं, कडंला फेस पण होता. क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सलमधले गिअर, गेले त्याचे. स्नॉर्केल होतं हां गाडीला.

रानगवा_०९

तात्या, लेथवाले दादा, लई उपकार. एवढं कुणी सांगितलं नव्हतं.

पण मग इंजिनाचं काय? मेस्त्री म्हणतोय धूर म्हणजे इंजिन संपलं, मोठं डीआय (डिझेल थेट पिस्टनवर उडणारं) इंजिन टाका, ओढ वाढेल. आणि लिफ्ट पूर्णच विसरू का? मागनं गाडी बसलेल्या म्हशीसारखी दिसतेय हो.

डिझेलपंप_शाहूपुरी

इंजिनावर मी बोलतो, २२ वर्षं इंजिनात डिझेल उडवणाऱ्या पंप-नॉझलचंच काम करतोय.

पांढरा धूर, तोही सकाळी थंड असताना, आणि गरम झाल्यावर जातोय का? जात असेल तर ते न जळालेलं डिझेल आहे, इंजिन संपल्याचं सर्टिफिकेट नाही. तुमचं इंजिन एक्सडीपी ४.९० आहे, म्हणजे ४ सिलिंडर आणि ९० मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), नावातच लिहिलंय. स्ट्रोक ८३, २११२ सीसी, ६२ हॉर्सपॉवर. या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर न उडता बाजूच्या बारक्या खोलीत उडतं, त्यामुळं थंडीत सुरू व्हायला हीटर प्लग लागतातच. चारातले दोन मेले की नेमकं तुम्ही सांगता तसं होतं. एकेक प्लग काढून बॅटरीवर लावून बघा, टोक लाल झालं तर जिवंत. पक्कडीत धरा, हातात नको, माझा एक हेल्पर शिकला तसा.

प्लग ठीक असतील तर नॉझल टेस्टिंगला आणा. फवारा धुक्यासारखा उडाला पाहिजे, पिचकारी मारत असेल तर नॉझल गेली. त्याच्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघायचं, आणि ते पडलेलं असेल तर इंजिन बांधायचा विचार. निळा धूर आणि तेल कमी होणं असतं तर मी वेगळं बोललो असतो. काळा असेल तर आधी एअर फिल्टर.

अजून एक, थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप) आहे का बघा. आपल्याकडं गाडी जरा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायची पद्धत आहे. मग इंजिन पावसाळ्यात कधी नीट गरमच होत नाही, धूर मारतं, डिझेल जास्त खातं आणि झिजतं पण लवकर. रेडिएटर रॉडिंग करून (आतनं साफ करून) घ्या आणि थर्मोस्टॅट परत बसवा.

इंजिन बदलायचंच असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद, गुपचूप नाही. जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेत बदल करून गाडी रजिस्टर होत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. त्या लोखंडी बंपरवर पण डिसेंबर २०१७ पासून कारवाई करायला सांगितलेलं आहे केंद्रानं. तुमची गाडी १५ वर्षांच्या पुढची, दर पाच वर्षांनी पासिंगला उभी करावी लागणारच. दिल्लीसारखी १० वर्षांची डिझेलबंदी आपल्याकडं नाही एवढं नशीब, पण २० वर्षांपुढच्या मोटारीची रिन्यूअल फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० झालीय, पर्यावरण कर वेगळा. ते ८० हजारांमधनं आधीच बाजूला काढा.

चिखलातला_चंदू

सगळे मिळून पोराला घाबरवायला लागलात राव 😄 मी लांब शॅकल टाकून गाडी उचललीय, तीन वर्षं झाली, काय झालं नाही. लिफ्टशिवाय ५४० म्हणजे फेट्याशिवाय नवरदेव.

लेथवाला_उद्यमनगर

चंदू, तुझी गाडी ६० ला माझ्या वर्कशॉपसमोरनं गेली तेव्हा पुढची चाकं लेझीम खेळत होती, मी बघितलीय.

लांब शॅकल घातलं की पुढच्या एक्सलचा कल फिरतो. त्याला कास्टर म्हणतात, तो बिघडला की स्टीअरिंग वळवल्यावर आपणहून सरळ येत नाही आणि बारक्या खड्ड्यावर सुद्धा नाचतं. मग पाटा आणि एक्सलच्या मध्ये लोखंडी पाचर घालून तो कल परत आणावा लागतो. शिवाय ब्रेकचा होज ताणतो, प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढून क्रॉस (शाफ्टचे सांधे) लवकर जातात, शॉकअब तोकडे पडतात. म्हणजे तीन इंचाचं एक काम नसतं, पाच कामं असतात, चार नंतर कळतात.

रानगवा, तुमची गाडी बसलीय म्हणून तशी दिसतेय. पाटे उतरवून पाटेवाल्याकडं कमान मारून, म्हणजे पहिला बाक परत आणून, घ्या, तुटका असेल तो एकेक पाटा बदला, मधला सेंटर बोल्ट आणि यू बोल्ट नवीनच घाला, बुश नवीन. गाडी कंपनीतनं आली होती त्या उंचीवर परत येईल, तेवढी आपल्या भागाला पुरते. आणि मामांनी पाट्यांना जळकं ऑईल लावलं असेल तर आता बंद करा, रबरी बुश फुगून मरतात त्यानं.

बावड्याचे_तात्या

टायरचं राहिलं होतं. तुझ्या गाडीला मूळ ६.००-१६ असतील. १५ ची रिम टाकून २३५/७५ आर १५ घातलेस तर उंची जवळपास तीच राहते, नुसती रुंदी वाढते आणि ट्यूबलेस होतात. ३१ इंची घातलेस की चाक साधारण सात टक्क्यांनी मोठं, मीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६४ नं पळत असेल, आणि ६२ हॉर्सपॉवरला भुईबावड्याच्या चढाला पहिल्या गिअरशिवाय जमणार नाही. जुन्या ट्यूबच्या टायरवर चिखलात हवा कमी करायची सवय लावू नकोस, टायर रिमवर फिरतो आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटतो. भर पावसात जॅक लावायला चिखलात जागा शोधत बसलोय मी, म्हणून सांगतो.

विंच नको. तुझा अल्टरनेटर बघ, तुझी बॅटरी बघ. चांगला पट्टा, दोन डी शॅकल (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) आणि चॅसीला पक्का हूक, एवढं घे. बंपरला बांधून ओढायचं नाही. आपल्याकडं कुठंही रुतलास तरी अर्ध्या तासात कुणाचा तरी ट्रॅक्टर येतो, फक्त ओढताना मध्ये पट्ट्यावर ओलं पोतं टाकायचं आणि पोरांना लांब उभं करायचं. तुटला तर डोकं फोडतो तो.

आणि फोर बाय फोर डांबरी रस्त्यावर घालायचं नाही, मधे डिफरन्शियल नाही, सगळं पिळतं. पठारावर, राखीव जंगलात गाडी घालायची नाही हे मी सांगायला नको. हक्काचा चिखल पाहिजे तर मामांच्याच उसाच्या वाटेवर भरपूर आहे.

पेठेतला_पोरगा

तात्या म्हणजे चालतंबोलतं मॅन्युअल. फोटो कुठाय अजून?

रानगवा_०९

पाच आठवड्यांनी आलोय, माफी असावी. फोटो खाली टाकलेत, धुतल्यावरचे आहेत, आधीचे टाकायची हिंमत नाही.

तात्यांची परीक्षा केली. बायकोनं ब्रेक दाबला, मी चाक हलवलं, उजवीकडचं कटकट तसंच. म्हणजे किंगपिन. खोलल्यावर खालच्या बेअरिंगचे रोलर हातात आले, चार सुट्टे आणि बाकीचे अर्धे झिजलेले, ग्रीस म्हणून जे होतं ते वाळलेल्या चिंचेसारखं. डावीकडचं पण बदललं. मेस्त्रीला शिम विचारल्यावर त्यानं खिशातनं मायक्रोमीटर काढला, तेव्हा जिवात जीव आला. आता ६० वर एक हात सोडला तरी सरळ जाते.

ब्रेकचं मात्र मी उलटं समजत होतो. डावीकडं ओढते म्हणजे डावीकडंच लोचा असणार म्हणून आधी डावा ड्रम खोलला, तो कोरडा ठणठणीत. तेल उजवीकडं निघालं. उजवा लायनर तेल पिऊन धरतच नव्हता, म्हणून चांगला असलेला डावा एकटाच ओढत होता. अर्धा दिवस गेला त्यात.

हीटर प्लग तीन मेलेले, चारात तीन! दादा, पक्कडीतच धरले होते. आता दुसऱ्या स्टार्टरला चालू होते आणि काकूंची खिडकी उघडी असते. नॉझल अजून केल्या नाहीत. थर्मोस्टॅट नव्हताच, घर रिकामं.

हातोडीनं ठोकलं. मागचा डावा ब्रॅकेट थप्प. आतनं निघालेली माती बायकोनं मोजली, दीड बादली. त्यातनं एक उसाचा डोळा फुटून आलेला निघाला, खोटं नाही सांगत, पांढरा कोंब होता बोटभर. तो मामांना फोटो पाठवला तर म्हणाले लाव की कुंडीत.

हिशोब: किंगपिन, ब्रेक, पाटे-बुश, वेल्डिंग-पत्रा, प्लग, तेलं, ब्रीदर पाइप सगळं मिळून ४३ हजार गेले, रिन्यूअलचे बाजूला ठेवलेत. टायर दिवाळीत बघू. बंपर रद्द. विंच रद्द, मामाचा ट्रॅक्टर आहे.

गिअरचं सांगायचं राहिलं. माउंटिंगा बदलल्या, स्प्रिंग बदलली, दुसरा आता उतारावर टिकतो, पण तिसऱ्यात टाकताना सकाळी सकाळी कर्रर्र करतो, अर्ध्या तासानं बंद होतं. हे सिंक्रो का? का तेल थंड असताना जाड पडतंय म्हणून?

लेथवाला_उद्यमनगर

आधी कोणतं तेल ओतलंय ते डब्यावर वाचून सांगा, मग बोलू.